शुक्रवारी दुकान बंद राहील

१९ जुलै

ताई,

नमस्कार घे. नाही घेतलास तरी मी इथून वाकून केलाय, तो काही परत घेणार नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पाच आठवडे झाले, रोज लावतेय. रिंग जाते, जाते आणि थांबते. आधी वाटलं, मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नसेल. पण रोजच्या रोज, सकाळ-दुपार, मी फोन केला की नेमकी मशीन चालू? एवढी बावळट नाही मी. तू रागावलीयस. रागाव बाई, पण ऐकून तरी घे.

ऑफिसने तिकिटं ऐनवेळी बदलली. शुक्रवारची मंगळवारवर आणली. सोमवारी संध्याकाळी कळलं. मग सामान, किल्ल्या, घरमालक, गॅसचं कनेक्शन, सगळी नुसती धावाधाव. तुला निरोप द्यायचा राहून गेला. एवढंच झालं. त्याचा एवढा बाऊ करू नकोस.

इथलं सांगते. घर चौथ्या मजल्यावर आहे. भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात, कारण शेजारचा म्हातारा शिंकला की मी इकडे दचकते. खिडक्या चार बोटं उघडतात, पुढे उघडतच नाहीत. कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्या बिल्डिंगला मिळून तीन. पाळी लावून जायचं. तुझा भाचा भोंगा पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून ओरडत उतरला, तर खालच्या बाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवली. मला वाचता येईना, म्हणून मी ती अभिनंदनाची समजून दोन दिवस तशीच ठेवली. साहेबांनी वाचून दाखवल्यावर काढली. साहेब म्हणजे तुझा मेव्हणा, इथे आल्यापासून मी त्याला साहेबच म्हणते. सकाळी सातला जातो, येतो तेव्हा बूट काढायचीही ताकद नसते. त्याला बदली मानवलीय मात्र. चेहरा उजळलाय.

परवा एका फॉर्मवर मला धंदा विचारला होता. मी ‘शिवणकाम, शाळेचे गणवेश’ असं लिहायला पेन टेकवलं, तर टेबलामागची मुलगी म्हणाली, इथे काय करता ते लिहा. इथे मी काय करते? मी रेघ मारली. बावीस वर्षं तुझ्या कटिंगवर मी टिपा मारल्या, काज-बटणं केली, गिऱ्हाइकांशी भांडले, आणि आता रेघ.

मुलं मजेत आहेत. थोरली बटण छान रमलीय. खिडकीशी बसून वाचत असते. तुझी आठवण काढते.

उत्तर लिही. दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझी धाकटी

९ सप्टेंबर

ताई,

बरं, शिव्याही नाहीत. हरकत नाही. मी बोलते, तू ऐक. तसंही दुकानात तू कापायचीस आणि मी बोलायचे.

शाळा सुरू झाली. इथे गणवेश मोठ्या दुकानात, पिशवीत घालून मिळतो. मापं घेत नाहीत, नुसते वयाचे आकडे. तेरा वर्षांची मुलगी म्हणजे हा स्कर्ट. ती लुकडी असो नाहीतर गुबगुबीत. मी आतून उलटून पाहिला. एकेरी टीप, कडा तशाच सोडलेल्या, चुण्या दाबलेल्याच नाहीत. तू बघितला असतास तर दुकानाबाहेर भिरकावला असतास. आणि ही मुलं वर्षभर हेच घालून नीटनेटकी दिसतात, हे कसं ते मला कळत नाही.

बटणला तो कमरेत चांगला दीड इंच सैल. मी जेवणाच्या टेबलावर बसून हाताने आत घेतला. मशीन नाही ना. तुझ्यासारखी बारीक टीप घातली, अगदी डोळे फोडून. सकाळी बघते तर तिने सगळी उसवलेली. धागे गोळा करून टेबलाच्या कोपऱ्यात नीट ठेवलेले, आणि कमरेला सेफ्टी पिन. मी म्हटलं, “अगं, चांगला बसत होता की!” तर म्हणाली, “मला कोणी शिवून दिलेलं नको.”

मी पण चिडले. म्हटलं, बावीस वर्षं गावाची पोरं आमचं शिवलेलं घालून शाळेत गेली आणि हिला नको! मग साहेब मध्ये पडला, वय आहे तिचं, सोड. वय आहे हे खरंच. मी तेरा वर्षांची असताना आईला काय काय बोलत होते, तूच साक्षीदार आहेस.

भोंगा मजेत आहे. महिन्याभरात त्याला इथली भाषा यायला लागली आणि मित्रही मिळाले. काल मला म्हणाला, आई, तू बोलू नकोस, मी बोलतो, तू बोललीस की लोक हसतात. आठ वर्षांचं पोर! मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले.

बटणने तुझ्याबद्दल काही विचारलेलं नाही. मागच्या पत्रात आठवण काढते असं लिहिलं होतं, ते मी आपलं मनाचं लिहिलं. नाव काढत नाही ती तुझं. पहिले पंधरा दिवस फोन वाजला की धावायची. मग धावायची थांबली.

तू तरी एकदा फोन करायचास.

तुझी धाकटी

१७ ऑक्टोबर

ताई,

काल शाळेने बोलावलं होतं. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार, म्हणून सकाळपासून हे पत्र तीनदा फाडलंय.

छोटी खोली होती, गोल टेबल, मुलांच्या उंचीच्या खुर्च्या. वर्गशिक्षिका, आणखी एक बाई, आणि आपली भाषा येणारी एक दुभाषी, तिला शाळेनेच आणलेलं. साहेबाला मीटिंग होती, मी एकटीच. वर्गशिक्षिका बराच वेळ हळू आवाजात बोलली, आणि दुभाषीने माझ्याकडे न बघता सांगितलं, की तुमची मुलगी गेले पाच आठवडे जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये बसते. दार लावून. डबा तिथेच खाते किंवा टाकून देते. वर्गात एक शब्द बोलत नाही. त्यांना आधी वाटलं भाषा येत नाही म्हणून. पण पेपर लिहिते, नीट लिहिते.

आणि मी तुला कळवत होते की रमलीय.

त्यांनी तिला बोलावलं. माझ्या शेजारी न बसता ती दुभाषीशेजारी बसली. दुसऱ्या बाईंनी विचारलं, तुला तिकडच्या कोणाची आठवण येते का? दुभाषीने ते आपल्या भाषेत विचारलं. बटण म्हणाली, “कोणाचीच नाही. ज्यांना आपण नको असतो त्यांची आठवण कशाला काढायची?” दुभाषीने भाषांतर केलं. त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, पोरीला हाकलून दिलंय कोणीतरी.

ताई, त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं ती कोणाबद्दल बोलतेय. मला माहीत होतं.

ऑफिसने तिकिटं बदलली नव्हती. पहिल्या दिवसापासून ती मंगळवारचीच होती. तुला शुक्रवार मी सांगितला. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना तोच सांगितला, मुलांनाही. साहेबाला वाटत होतं मी तुला खरं सांगितलंय, त्याला यात धरू नकोस. तिकडच्या आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला नंतर कळवलं की तू शुक्रवारी सकाळी आलीस, कुलूप बघून जिन्यात बसलीस, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा एवढंच म्हणालीस, “हो का, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल.”

तुझ्या ऐकण्यात चूक नव्हती. आता तरी दोन शिव्या दे.

धाकटी

२ नोव्हेंबर

ताई,

अर्धं सांगून थांबले होते. खाई त्याला खवखवे. पंधरा दिवस घशाशी अडकलंय ते आज सांगून टाकते, मग तू काय करायचं ते कर.

आमच्या जाण्याच्या आधीचा रविवार आठव. मी अस्तराचा तागा ठेवायला मागच्या दाराने दुकानात आले. तुम्ही दोघी पुढे होतात. बटण कटिंगच्या टेबलावर पाय हलवत बसलेली, तू सातवीच्या मुलींचे पिनाफोर मोजून ठेवत होतीस. ती म्हणाली, “मावशी, मी इथेच राहिले तर?” तू मोजायची थांबलीस. मला वाटलं आता तू तिला रागावशील, म्हणशील आईवडिलांबरोबर जायचं असतं. तू म्हणालीस, “निघायच्या दिवसापर्यंत थांब. मी बोलते तिच्याशी.”

मी तागा तिथेच भिंतीला टेकवला आणि आल्या पावली परत गेले.

तुला वाटेल, हिला एवढं काय झोंबलं? सांगते. ही पोर माझी, पण बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द ‘ताता’ होता, म्हणजे ताई, कारण मी दिवसभर ताईऽ ताईऽ करायची. तिला ताप आला की ती तुझ्याकडे. शाळेतून आली की आधी दुकानात, तुझ्या पायाशी, बटणांच्या ट्रेमध्ये हात घालून. नाव तू ठेवलंस, बारशाचं नाव मलाही आठवावं लागतं. मी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत उभी आणि माझी पोर तुझ्या मांडीवर. मी कधी काही म्हटलं नाही. म्हणणार काय? तू माझ्यावर उपकारच करत होतीस. पण त्या रविवारी वाटलं, ही आता मागतेच आहे. आणि निघायच्या दिवशी ती मागेल, पोर तिच्या गळ्यात पडेल, आणि सगळ्यांसमोर मी एकटी विमानात बसेन.

म्हणून त्याच संध्याकाळी तुला आणि सगळ्यांना सांगितलं, तिकिटं पुढे गेली, आता शुक्रवारी निघायचं.

पण एवढ्यावर भागलं नाही. मंगळवारी सकाळी टॅक्सी खाली उभी होती आणि बटण म्हणाली, मी मावशीला भेटल्याशिवाय येणार नाही. जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. टॅक्सीवाला हॉर्न देतोय. आणि मी तिला सांगितलं, “मी फोन केला होता मावशीला. ती म्हणाली, शाळा उघडायचे दिवस आहेत, गिऱ्हाईक सोडून कशी येऊ? जाऊ दे तिला.”

जाऊ दे तिला. तुझ्या तोंडी घातलं मी हे वाक्य. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिने कठडा सोडला आणि खाली येऊन गाडीत बसली.

आणि त्याच दिवशी, काकू म्हणतात, तुझ्या शटरवर तुझ्या अक्षरात कागद लावलेला होता: ‘शुक्रवारी दुकान बंद राहील.’ जून महिन्यात! बावीस वर्षांत जूनमध्ये ते शटर एक दिवस खाली राहिलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा चौथ्या दिवशी तू कटिंगला उभी होतीस. तू तिच्यासाठी दुकान बंद ठेवणार होतीस आणि मी तिला सांगितलं की गिऱ्हाइकापुढे तुला ती नको.

आता मागणं मागते. निर्लज्जपणा आहे, माहीत आहे. पण पोर बाथरूममध्ये जेवते, ताई. तिला खरं सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि इथे तिला माझ्याशिवाय आहे कोण? तू तिला पत्र लिही. लिही, की हो, कामात होते, येता आलं नाही, चुकलं माझं. तू माफी मागितलीस की ती निवळेल, पुन्हा तुझ्याशी बोलायला लागेल, सगळं सुरळीत होईल. एवढं एकदा माझ्यासाठी कर.

मी आठ वर्षांची असताना गिऱ्हाइकाचं रेशीम कापलं होतं, बाहुलीला. आईने विचारलं कोणी कापलं, आणि तू हात पुढे केलास. पट्टी तुटेपर्यंत मार खाल्लास. मी कपाटामागे उभी होते. त्या वेळी तुझ्याकडे मागितलंही नव्हतं मी. आज मागतेय.

धाकटी

११ डिसेंबर

ताई,

तुझी दोन्ही पत्रं आली. एकाच पाकिटात, दोन घड्या.

माझी आधी वाचली. ‘तू सांगितलंस तसं लिहिलं आहे. मी तिला तुझ्याकडे मागणार होते. मागून घेणार होते, चोरून नाही. तू नाही म्हणाली असतीस तर गप्प बसले असते, आजवर बसत आले तशी. आता मला पत्र लिहू नकोस.’ मी ती चिठ्ठी चहाच्या डब्यामागे ठेवलीय. लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय, कारण पुढचं तुला कळायला हवं.

तिचं पत्र तिला दिलं. शाळेतून येऊन दप्तरसुद्धा काढलं नव्हतं. घडीवर तुझं अक्षर दिसलं आणि तिचा चेहरा कसा झाला ते मी सहा महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. दारातच उभ्याने वाचलं. तुझं पत्र मोठं नव्हतं. ‘त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती. गिऱ्हाईक सोडून येता आलं नाही. माझं चुकलं. अभ्यास नीट कर. आईला त्रास देऊ नकोस.’ मी पाठीमागून वाचत होते, आणि देवाशपथ सांगते, मला हायसं वाटत होतं.

तिने घडी घातली. म्हणाली, “म्हणजे खरंच म्हणाली होती.”

मी म्हटलं, “अगं, चुकलं म्हणतेय ना ती, मोठी माणसं एवढी माफी मागतात का कधी?”

“मला वाटायचं तू खोटं सांगितलंस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मावशी असं म्हणणारच नाही, आईनेच बनवून सांगितलंय. तसं वाटलं की बरं वाटायचं.”

आणि दप्तर घेऊन आत गेली.

ताई, पोर सहा महिने माझ्यावर रागावली होती, तुझ्यावर नाही. मला खोटारडी समजून तिने तुला जपलं होतं. बाथरूममध्ये बसून तेवढंच धरून ठेवलं होतं तिने. ते आपण दोघींनी मिळून काढून घेतलं.

त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी वागतेय. अगदी तू लिहिलंस तसं. मला त्रास देत नाही. सगळ्यांबरोबर बसून जेवते, घरी आली की स्वतःचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री करते, भोंग्याला गणित शिकवते. मी ‘काय गं’ म्हटलं की ‘काही नाही, आई.’ शाळेतून पत्र आलं, मुलीत फार प्रगती आहे. साहेबाने ते पत्र फ्रिजवर चिकटवलंय. मी दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडते आणि ते वाचते. घरात कोणीतरी पाहुणी मुलगी राहतेय असं वाटतं.

उसवत होती तेव्हा बरी होती गं.

धाकटी

१५ जानेवारी

ताई,

सांगितलं मी तिला. खरं सगळं सांगितलं.

शनिवारी दुपारी आम्ही तळघरात होतो, चादरी वाळल्या होत्या. घडी घालायला दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. दुसरं कोणी नव्हतं, नुसती ती तीन मशीन. मी म्हटलं, मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि सुरू झाले. रविवार सांगितला, तागा सांगितला. तुला शुक्रवार सांगितला होता ते, टॅक्सी, तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य, शटरवरचा कागद. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण कागदापाशी आल्यावर ते काही जमलं नाही. तिने चादर सोडली नाही. ताणून धरून उभी होती.

“बाबांना माहीत होतं?”

“नाही.”

“मग मावशीने तसं पत्र का लिहिलं? ती तर म्हणालीच नव्हती.”

“मी सांगितलं लिहायला.”

तिने चादर आणखी ताणली. मग विचारलं, “तिने ते माझ्यासाठी लिहिलं की तुझ्यासाठी?”

मला वाटलं, सांगावं की तुझ्यासाठी. जिभेवर आलं होतं. पण इतकं खोटं बोलून झालंय की आता एक शब्दही वाढवायचा धीर नव्हता. म्हटलं, “माझ्यासाठी. ती लहानपणापासून माझ्यावरचं अंगावर घेते.”

ती म्हणाली, “म्हणजे तिलाही तूच आधी.”

एवढंच. मग माझ्याकडे चालत आली, तिची टोकं माझ्या हातात दिली, घडी झाली. दुसरी चादर घेतली. सहाही चादरी आम्ही घातल्या. टोपली तिने उचलली आणि चार मजले चढून गेली. ओरडली असती, माझ्या हाताला चावली असती, तर मी तिचे पाय धरले असते. काही करायला जागाच ठेवली नाही.

साहेबाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, मला वाटत होतं तुम्हा बहिणींचं काहीतरी बिनसलंय, म्हणून मी मध्ये पडलो नाही. मग म्हणाला, “बदली माझी होती, तू मला म्हणाली असतीस ‘पोर राहायचं म्हणतेय’, तर आपण तिघं बसून बोललो असतो.” बोललो असतो. हे मला का सुचलं नाही ते मी सांगू शकत नाही. आपल्या घरात कोणी कधी बसून बोललंय? आई पट्टी उचलायची, तू हात पुढे करायचीस, मी कपाटामागे. मला तेवढंच येतं.

तुझ्यावर मी रागावलेय, ताई. हे वाचून हसशील. चूक सगळी माझी आणि राग तुझ्यावर! पण तू ‘नाही लिहिणार’ म्हणायला हवं होतंस. तू मला कानफटात द्यायला हवी होतीस आणि पोरीला लिहायला हवं होतंस, की तुझी आई खोटं बोलतेय, मी दुकान बंद ठेवून जिन्यात बसले होते तुझ्यासाठी. तिला तेवढंच ऐकायचं होतं. तू पुन्हा मला वाचवलंस, आणि ती पोर आपल्या दोघींच्या मधून खाली पडली.

तिला तू लिही. या वेळी काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

धाकटी

२४ फेब्रुवारी

ताई,

हे शेवटचं, पुढे मी तुला पत्राने छळणार नाही.

तुझं नवं पत्र तिला मिळालं. तिने मला दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. पाकीट जाड होतं, एवढंच मला कळलं. तीन दिवस ते तिच्या दप्तरात शाळेत गेलं आणि परत आलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते, ती येऊन ओट्याला टेकली. आल्यापासून पहिल्यांदा ती अशी आपणहून येऊन उभी राहिली. मी सुरी खाली ठेवली नाही, ठेवली तर निघून जाईल असं वाटलं.

म्हणाली, “मला मावशीला फोन करायचाय. रविवारी, चार वाजता. तिकडे दुकान बंद झालेलं असेल.”

मी म्हटलं, कर.

“मी तिला विचारणार आहे, मी तिच्याकडे राहायला आले तर चालेल का. इथलं वर्ष संपलं की.”

मी भाजी चिरत राहिले. ती पुढे म्हणाली, “पण मला माहीत आहे काय होणार. ती म्हणेल, आधी आईला विचारते. मग ती तुला विचारेल, तू फोनवर रडशील, आणि ती मला नाही म्हणेल.”

तेरा वर्षांच्या पोरीने आपल्या दोघींना असं उलटून आतून पाहिलंय, ताई. मला नाही म्हणताच आलं नाही.

साहेबाशी बोलले. तिघं बसून बोललो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हो म्हणाला. त्याची बदली अजून दोन वर्षांची आहे, कदाचित वाढेलही. भोंगा इथेच राहील, त्याला इथून हलवलं तर तो चिठ्ठ्या चिकटवेल. तिचा वर्ग, दाखला, जुन्या शाळेत पुन्हा प्रवेश, सगळं मी इथून करते. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला मी बावीस वर्षं गणवेश दिलेत, एवढं माझं ऐकेल ती.

रविवारी इथल्या चारला तुझा फोन वाजेल. तो ती करणार आहे, मी नाही, तेव्हा उचल. मी घरात नसेन. भोंग्याला घेऊन पलीकडच्या बागेत जाऊन बसेन, तिचं बोलून होईपर्यंत येणार नाही.

ती विचारेल, तेव्हा माझं नाव काढू नकोस. आईला विचारते म्हणू नकोस. बघू म्हणू नकोस. आई एकटी पडेल, असलं तर अजिबात काही बोलू नकोस. तिला ऐकू येऊ दे, की एकदा तरी तू माझ्याआधी तिचा विचार केलास. मी हे पत्र लिहिताना रडलेय, रडून झालेलं आहे, त्याची काळजी तू करायची नाही.

तुला ती मागायची होती. मागायची वेळच मी येऊ दिली नाही. आता मी देतेय, आणि ती स्वतः येतेय.

लगेच हो म्हण.

धाकटी